तिकीट नंबर ४१७ कुठं गेलं? (गिट आलं, चॅट आलं, ट्रॅकर आलं, पण "हे असं का केलं" ते तुम्ही कुठं लिहून ठेवता?)

होटगीरोडकर | सोमवार, रात्री ११:१०

मंडळी, गेला आठवडा डोक्याचं पार दही झालंय म्हणून इथं लिहितोय. लांबण लागेल, सवड असेल तर वाचा.

मी १४ वर्षं पुण्यात होतो, २०२० ला सगळ्यांसारखा लॅपटॉप काखेत मारून सोलापूरला आलो आणि मग परत गेलोच नाही. कंपनी पुण्याचीच. टीममधे आम्ही ९ जण, सहा गावांत पसरलेले, त्यातल्या तिघांना तर मी अजून प्रत्यक्ष बघितलेलं पण नाही, पण त्यांचा कोड रोज वाचतो त्यामुळं कोण आळशी आणि कोण चिकट हे पक्कं माहिती. काम गोडाऊनच्या सॉफ्टवेअरचं. माल आला, वजन झालं, चिठ्ठी छापली, गाडीत चढला, असलं.

तर आमच्या कोडमधे वजनकाट्यावरनं आकडा घ्यायचं एक फंक्शन आहे. त्यात पहिलं रीडिंग आलं की दोन सेकंद थांबायचं आणि मगच आकडा धरायचा असं लिहिलेलं. वर कॉमेंट, "हात लावू नका, कारण तिकीट ४१७ मधे". (ट्रॅकर म्हणजे आमची कामांची ऑनलाईन वही, आणि तिकीट म्हणजे त्यातली नंबर दिलेली एक नोंद.) आता एका नवीन पोरानं बघितलं की प्रत्येक गाठीमागं दोन सेकंद फुकट जातायत, दिवसाला हजार गाठी धरल्या तर अर्ध्या तासाच्या वर की ओ, म्हणून त्यानं ती ओळ काढली, पुल रिक्वेस्ट (हा बदल मुख्य कोडमधे घ्या असा अर्ज) टाकली, आणि दोघांनी चार मिनिटात अंगठा दाखवला. (आपल्याकडं अंगठा दाखवणं म्हणजे वेगळंच असतं, तिकडं त्याचा अर्थ मंजूर.) त्यातला एक अंगठा माझा. टेस्ट सगळ्या हिरव्या. मर्ज म्हणजे मुख्य कोडात मिसळलं, डिप्लॉय म्हणजे क्लायंटकडं चालू केलं, विषय संपला.

तिसऱ्या दिवशी क्लायंटचा फोन, गाठींची वजनं दोन-चार किलोनं खालीवर येतायत, ड्रायव्हर लोक भांडायलेत.

४१७ उघडायला गेलो तर ट्रॅकरच नाही! कंपनीनं मधे जुना ट्रॅकर सोडून नवीन घेतला, तेव्हा चालू तिकिटं तेवढी उचलून आणली, बंद झालेली "नंतर बघू" म्हणून राहिली आणि जुन्याचे पैसे भरायचे थांबवले. झालं. गिट म्हणजे कोडच्या सगळ्या बदलांचा इतिहास ठेवणारं टूल, त्यात ब्लेम मारून (ओळ कुणी कधी लिहिली ते बघून) कमिट, म्हणजे त्या बदलाची नोंद, काढली तर मेसेज काय? "फिक्स". एवढाच. त्याच्या आधीचा "फिक्स २" आणि त्याच्या आधीचा "आता नक्की फिक्स".

शेवटी ज्यानं लिहिलं त्याला फोन केला. तो आता नोकरी सोडून बार्शीकडं बाग बघतो. फवारणी चालली होती त्याची, पंप बंद करून म्हणाला, "अरे हमाल गाठ काट्यावर आपटतात ना, काटा दोन सेकंद डुलत असतो, मी स्वतः गोडाऊनला उभा राहून बघितलंय." बास. दीड मिनिटाचा फोन.

आता मला सांगा, आम्ही दिवसभर लिहितच असतो. चॅटवर लिहितो, तिकिटात लिहितो, रिव्ह्यूत (एकमेकांचा कोड तपासताना) लिहितो, पूर्वी ऑफिसात जेवढं बोलायचो त्याच्या दुप्पट लिहितो. आणि तरी एका ओळीचं कारण बार्शीच्या बागेतल्या माणसाच्या डोक्यातच राहिलेलं. तुमच्याकडं काय करता ह्याचं?

धोटा | सोमवार, रात्री ११:३४

सॉफ्टवेअरमधलं मला काय कळत नाही पण हमालाचं कळतं. आमचं अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचं आहे. गाठ आपटतातच ओ साहेब, हळू ठेवायला गेला तर पाठ जाते माणसाची. तुमच्या त्या पोराला दोन दिवस आणून उभं करा गोडाऊनला, सगळी तिकिटं समजतील त्याला.

सर्व्हररूमचा_म्हातारा | मंगळवार, सकाळी ६:०५

झोप येत नाही म्हणून लिहितोय, तुमच्यासारखा रात्री जागत नाही.

होटगीरोडकर, तुमचं दुखणं जुनंच आहे, फक्त कपडे नवीन घातलेत. १९९९ साली आम्ही पुण्यात व्हिज्युअल सोर्ससेफ नावाच्या, कोड ठेवायच्या जुन्या टूलवर काम करायचो. त्याच्यात आमच्याकडं सेटिंग असं होतं की एकानं फाईल चेकआऊट केली (कामाला घेतली) की तिला कुलूप, दुसऱ्याला हात लावता यायचा नाही. आमचा एक दोस्त मुख्य फाईल चेकआऊट करून संक्रांतीला गड्ड्याच्या यात्रेला सोलापुरात आला. नंदीध्वज बघायचे म्हणून रजा चार दिवस. आम्ही तिकडं हातावर हात ठेवून बसलेलो. कुलूप तोडायचं तर ॲडमिनचा पासवर्ड लागायचा, आणि ॲडमिन कोण? तोच. मोबाईल नव्हता त्याच्याकडं, शेवटी बाळीवेशीत त्याच्या शेजाऱ्याच्या लँडलाईनवर फोन करून पासवर्ड विचारला, शेजारच्या काकूंनी तो एकेक अक्षर करून आम्हाला सांगितला. तेव्हाचं ऑनलाईन कोलॅबोरेशन हे असं.

आता गिटचं. आजच्या पोरांना वाटतं गिट आणि गिटहब (गिटवरचा कोड ठेवायची वेबसाईट) एकच. गिट आलं २००५ ला. लिनक्स कर्नलची, म्हणजे लिनक्स ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा लिहिणारी, मंडळी त्याच्या आधी तीनेक वर्षं बिटकीपर नावाचं एका कंपनीचं टूल फुकट वापरत होती, त्या कंपनीनं २००५ ला फुकटचा परवाना काढून घेतला, मग लिनक्स सुरू करणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सनं एप्रिलमधे बसून स्वतःच लिहायला घेतलं आणि जूनमधे कर्नलचं २.६.१२ व्हर्जन गिटवरनं बाहेर पडलं सुद्धा. गिटहब त्याच्यानंतर तीन वर्षांनी, २००८ ला.

पण मुद्दा तो नाही. मुद्दा हा की कर्नलवाले चर्चा आजपण मेलवर करतात. जगभरातली हजारो माणसं, आणि पॅच (कोडमधला बदल) मेलमधे चिकटवून पाठवायचा, त्याच्याच खाली रिव्ह्यू. पोरं हसतात ह्याला. पण ती मेल किती लोकांच्या कॉम्प्युटरवर पडलेली असती? कुणी ट्रॅकर बदलला म्हणून ती जात नाही. आणि तिथं नुसतं "फिक्स" लिहून पॅच पाठवून बघा एकदा, दारातनंच परत. एका ओळीच्या बदलाला तीन परिच्छेद कारण लिहिलेलं मी वाचलंय.

धागा 'नोकरी-धंदा' विभागात हलवला आहे. – संपादक

एक_नंबर_बे | मंगळवार, सकाळी १०:२२

काका, काकूंचा पासवर्डचा किस्सा एक नंबर 😂

पण बाकीचं पटलं नाही. काय टेन्शन घ्यायलाव ओ एवढं. माझं बघा, जुळे सोलापुरात दोन रूमचं ऑफिस, चार पोरं. पाच-सहा वर्षाखाली आमचं काम व्हॉट्सॲपवर चालायचं, खरंच सांगतो, "प्रोजेक्ट_फायनल_फायनल_२_नवीन.झिप" असली फाईल ग्रुपवर टाकायची आणि खाली लिहायचं हीच घ्या रे. एकदा एका पोरानं जुनी झिप उचलून तीन दिवस काम केलं. २०२० च्या एप्रिलात गिटहबनं खाजगी रेपो (प्रोजेक्टच्या कोडचा साठा) फुकटात कितीही माणसांना वापरायला मोकळा केला, त्या महिन्यात आम्ही झिप बंद केली. त्याच्या आधी फुकटात मालक सोडून तीनच जण बसायचे, पोरं चार, चौथ्याला काय घरी बसवायचं का बे?

आज माझं एक गिऱ्हाईक कोल्हापूरचं, एक दुबईचं. पोरं इथंच राहतात, घरचं जेवतात. नाहीतर हिंजवडीत एका खोलीत पाच जण आणि मेसची पातळ आमटी. हे सगळं कशामुळं? टूलमुळंच ना. आणि तुमचं ते कारण-बिरण आता एआय सांगतंय की, कोड टाकायचा आणि विचारायचं हे काय करतंय.

सर्व्हररूमचा_म्हातारा | मंगळवार, सकाळी १०:४०

हे काय करतंय ते सांगेल रे बाळा. दोन सेकंद थांबतंय म्हणून सांगेल. हमाल गाठ आपटतो हे त्याला कुठनं कळणार, ते कोडात लिहिलंयच कुठं?

एक_नंबर_बे | मंगळवार, सकाळी १०:४३

हं. ते आहे.

बाळीवेस_डेव्हऑप्स | मंगळवार, दुपारी १:१५

जेवणाच्या सुट्टीत लिहितोय, कडक भाकरी दह्यात भिजायला ठेवलीय तोवर.

काकांनी मेलचं सांगितलं त्याला जोडून एक खरी घडलेली गोष्ट. ३१ जानेवारी २०१७. गिटलॅब म्हणजे गिटहबसारखीच दुसरी कंपनी, तिचा एक इंजिनियर रात्री उशिरापर्यंत डेटाबेसशी झुंजत होता. दोन डेटाबेस सर्व्हर, एक मुख्य आणि एक त्याची नक्कल. नक्कल बिघडलेली म्हणून तिचा फोल्डर रिकामा करायला गेला आणि कमांड मारली मुख्यवर. दोनेक सेकंदात लक्षात आलं, थांबवलं, तोवर ३०० जीबीतले साडेचारच्या आसपास उरले होते. मग बॅकअप बघायला गेले तर पाच वेगवेगळे उपाय करून ठेवलेले आणि पाचातला एक धड चालेना. नशिबानं त्याच माणसानं सहा तास आधी दुसऱ्याच कामासाठी एक कॉपी काढलेली होती, ती लावली. मधले सहा तास गेले.

लोकांना ह्याच्यातलं बॅकअपचंच आठवतं. मला दुसरं आठवतं. त्या सहा तासात कुणाचा कोड गेला नाही, कारण गिटचे रेपो वेगळ्या ठिकाणी होते आणि तसंही प्रत्येकाच्या लॅपटॉपवर अख्खा इतिहास असतोच. गेलं काय? इश्यू (म्हणजे तिकिटंच) गेले, कॉमेंट गेल्या, मर्ज रिक्वेस्टवरची (पुल रिक्वेस्टचंच तिकडचं नाव) चर्चा गेली. म्हणजे होटगीरोडकरांचं ४१७ च गेलं की! कोड सगळ्यांच्या घरी असतो आणि चर्चा एकाच्याच कपाटात. कपाट पण भाड्याचं.

बाकी एक गोष्ट त्यांची मानली पाहिजे. त्यांनी लपवलं नाही, दुरुस्ती चालू असताना यूट्यूबवर लाईव्ह लावलं आणि काय काय केलं त्याची नोंद सगळ्यांना वाचता येईल अशा डॉक्युमेंटमधे उघडी ठेवली. आमच्याकडं सर्व्हर पडला की पहिला निरोप "कुणाला सांगू नका" असा असतो.

आणि होटगीरोडकर, टेस्ट हिरव्या का आल्या ते पण सांगतो. तुमच्या टेस्टमधे खरा काटा नसणार, एक खोटा काटा असेल जो दरवेळी गुमान ठरलेला आकडा देतो. तो काटा जन्मात कधी डुललेला नाही. डुलणारा खोटा काटा बनवा, पहिल्यांदा ५४, मग ४९, मग ५१, मग स्थिर. नायतर पुढच्या वर्षी परत एक हुशार पोरगं येईल आणि तीच ओळ काढेल.

होटगीरोडकर | मंगळवार, दुपारी १:५८

डेव्हऑप्स, बरोबर पकडलंत, खोटा काटा दरवेळी ५० किलोच सांगतो. त्याला आजच डुलवतो.

क्यूए_वहिनी | मंगळवार, दुपारी ३:३०

धागा वाचून राहवलं नाही. सगळे टूलचं बोलतायत, मी कॉलचं बोलते.

आमचा स्टँडअप, म्हणजे टीमचा रोजचा छोटा कॉल, साडेदहाला. साडेदहा म्हणजे आमच्याकडं कुकरची तिसरी शिट्टी, कामवाल्या मावशींची घंटी आणि ज्या दिवशी नळाला पाणी असेल त्या दिवशी मोटर, सगळं एकदम. म्यूट काढून "नो ब्लॉकर्स" (काही अडलेलं नाही) म्हणायचं आणि परत म्यूट. आणि चॅटवर नावापुढचा तो हिरवा ठिपका! पाणी भरायला दहा मिनिटं उठलं की ठिपका पिवळा, लगेच मेसेज, "आर यू देअर?" सासूबाईंनी एवढी नजर ठेवली नाही कधी. त्या बिचाऱ्या विचारतात, बाई तुझा तो साहेब दिवसभर तुला हाका का मारतो गं.

पण माझी खरी तक्रार दुसरीच आहे. टेस्टिंगमधे मला समजा एक गोष्ट खटकली, मी तिकिटात लिहिते व्यवस्थित, पायरी-पायरीनं, स्क्रीनशॉट लावून. डेव्हलपर उत्तर काय देतो? "कॉलवर ये पटकन." कॉलवर पंधरा मिनिटं बोलतो, छान समजावून सांगतो, मला पटतं पण. मग तिकिटात लिहितो "डिस्कस्ड, क्लोजिंग". संपलं! काय डिस्कस झालं ते वाऱ्यावर. सहा महिन्यांनी नवीन टेस्टर येते, तिला तेच खटकतं, ती परत तिकीट काढते, परत कॉल. मी मोजलंय, एकच प्रश्न तीन पोरींनी विचारला होता. शेवटी मीच टीममधे नियम करून घेतला, कॉलवर ज्यानं प्रश्न विचारला त्यानंच उत्तर तीन ओळीत तिकिटात लिहायचं. उत्तर देणाऱ्यानं नाही हं, विचारणाऱ्यानं. कारण देणाऱ्याला वाटतं हे तर सगळ्यांना माहितीच आहे. पहिले दोन आठवडे सगळ्यांनी नाकं मुरडली.

शेंगाचटणी_०७ | मंगळवार, संध्याकाळी ७:४५

नमस्कार सगळ्यांना, मी इथं पहिल्यांदाच लिहितेय, चुकलं तर सांभाळून घ्या. मी इंजिनियरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, दहावीपर्यंत मराठी मिडियम.

आमचे सर सांगतात ओपन सोर्समधे (ज्यांचा कोड सगळ्यांना खुला असतो अशा प्रोजेक्टमधे) पुल रिक्वेस्ट टाका, रिझ्युमेला चांगलं दिसतं. आमच्या वर्गातल्या मुलांनी मग कुठल्याही प्रोजेक्टच्या रीडमी (माहितीच्या) फाईलमधे एखादा शब्द बदलून टाकल्या. मला ते बरोबर नाही वाटलं. पण खरं काम करायला गेलं तर तिथं सगळं इंग्रजीत आणि सगळ्यांसमोर. आपलं इंग्रजी चुकलं तर जगभर दिसणार आणि ते पुसता पण येत नाही. आमच्या हॉस्टेलच्या मैत्रिणी कोड चांगला लिहितात पण ह्याच भीतीनं कधी टाकत नाहीत. तुम्ही लोकांनी सुरुवात कशी केली? आणि ऑफिसात शेजारी बसून जे शिकायला मिळतं ते घरून काम करणाऱ्या नवीन मुलांना मिळतं का?

बाळीवेस_डेव्हऑप्स | मंगळवार, रात्री ८:३०

ताई, रीडमीवाल्यांच्या भानगडीत पडली नाहीस ते लई बरं केलंस. २०२० ला हॅक्टोबरफेस्टमधे, म्हणजे ओपन सोर्सला हातभार लावायच्या ऑक्टोबरातल्या मोहिमेत, हेच झालं होतं. चार पुल रिक्वेस्ट केल्या की टी-शर्ट फुकट, मग काय, रीडमीमधे "अमेझिंग प्रोजेक्ट" असलं काहीतरी चिकटवून पुराच्या पाण्यासारख्या पुल रिक्वेस्ट. मेंटेनर (प्रोजेक्ट सांभाळणारे) लोक फुकटात काम करणारे, त्यांचा ऑक्टोबर कचरा काढण्यात गेला. आयोजकांना दोन-तीन दिवसात नियम बदलायला लागला, की ज्या प्रोजेक्टला स्वतःहून भाग घ्यायचाय त्याच्याच मोजायच्या. आपल्याकडच्या पोरांची नावं त्याच्यात लई होती, सांगायला पण लाज वाटते.

सर्व्हररूमचा_म्हातारा | बुधवार, सकाळी ६:२०

बेटा, शेजारी बसून शिकायचं मिळत नाही, हे खरं आहे, उगाच गोड बोलणार नाही. मी शिकलो ते एका सिनियरच्या खांद्यावरनं बघून. तो काय टाईप करतो त्यापेक्षा तो कुठं थांबतो, कुठं हं म्हणतो, ते बघून. आता स्क्रीन शेअर आहे, दोघांनी एकाच फाईलमधे एकदम लिहायची सोय आहे, पण तिथं माणूस तयारी करून येतो. चुकलेलं दाखवत नाही.

पण तुला एक मिळालंय जे मला मिळालं नाही. मोठमोठ्या प्रोजेक्टमधली भांडणं वाचायला मिळतात. कोण का नाही म्हणाला, दुसऱ्यानं काय उत्तर दिलं. आमच्या काळी हे सगळं बंद दाराआड. रोज एक जुनी पुल रिक्वेस्ट वाच, नाकारलेली वाच मुद्दाम.

इंग्रजीचं म्हणशील तर मेंटेनरांपैकी पण कितीतरी जणांची मातृभाषा इंग्रजी नाही. त्यांना छोटी सरळ वाक्यं आवडतात.

एक_नंबर_बे | बुधवार, सकाळी ११:००

मेंटेनरवरनं आठवलं, होटगीरोडकर म्हणाले तिघांना बघितलं पण नाही. एक्सझेडचं, म्हणजे लिनक्सवर फाईल दाबून लहान करायच्या टूलचं, लक्षात आहे ना सगळ्यांच्या? जिया टॅन नावानं कोणीतरी दोनेक वर्षं गुमान पॅच देत राहिला, मूळ मेंटेनर एकटा आणि थकलेला, त्याच्यावर दुसऱ्याच नावांनी मेल टाकून दबाव आणला की ह्याला मेंटेनरचे हक्क द्या, काम फार हळू चाललंय. मिळाले हक्क. मग कोडात मागचं दार (चोरून शिरायची वाट) बसवलं. मार्च २०२४ ला सापडलं ते कसं, तर आन्द्रेस फ्रॉइंड म्हणून एका माणसाला एसएसएच (दूरच्या सर्व्हरवर शिरायची सोय) लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागायला लागला म्हणून खाजवत बसला. अर्धा सेकंद बे! आमच्या रेंजला तर कळलंच नसतं.

काकांची मेलवरची चर्चा तिथं होतीच की. सगळ्यांकडं प्रत होती. वाचली कुणी?

सर्व्हररूमचा_म्हातारा | बुधवार, सकाळी ११:२५

मान्य. तरी नंतर छडा लावायला तीच मेल कामाला आली, कुणी कधी काय दबाव टाकला ते तारखेवार निघालं. कॉलवर झालं असतं तर? पण तुझं म्हणणं घेतलं, नुसतं लिहून ठेवलं म्हणजे कुणी वाचतंय असं नाही.

होटगीरोडकर | बुधवार, रात्री १०:५०

ह्याच्यावर मी दोन दिवस विचार करतोय. ४१७ मधे कारण लिहिलेलं होतं, म्हणजे बार्शीवाल्यानं त्याचं काम केलं होतं. ट्रॅकर बदलणाऱ्यानं वाट लावली हे खरं, पण ट्रॅकर असता तरी मी त्या चार मिनिटात तो उघडला असता का? खरं सांगतो, नसता उघडला. वर "हात लावू नका" लिहिलेलं दिसत होतं मला. नवीन पोराची पहिली पुल रिक्वेस्ट, त्याला बरं वाटावं, आणि माझ्या दुसऱ्या टॅबमधे अजून सहा रिव्ह्यू पडलेले. ऑफिसात असतो तर त्यानं खुर्ची वळवून विचारलं असतं, "दादा ही ओळ काढू का?", आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं असतं "का रे?" अंगठ्याच्या बटणाला "का रे" येत नाही.

आता केलंय ते असं. कारण तिकिटात न ठेवता कोडमधेच ओळीच्या वर लिहिलं, आणि कमिटमधे पण, म्हणजे जिथं कोड जाईल तिथं कारण जाईल. डुलणारा काटा झालाय. वहिनींचा नियम पण टीममधे मांडला, दोघांनी नाकं मुरडली, म्हणजे बरोबर चाललंय.

गंमत म्हणजे मी इंग्रजीत लिहिताना हमाल शब्द तसाच ठेवला, तर कोचीच्या रिव्ह्यू करणाऱ्याकडनं प्रश्न आला, हमाल हे कुठल्या मशीनचं नाव आहे का? म्हटलं हो, गावातलं सगळ्यात जुनं.

धोटा | बुधवार, रात्री ११:१५

हे वाक्य हमालांना वाचून दाखवणार आहे, चहा पाजतील तुम्हाला नायतर बदडतील.

मी पण एक सांगतो. आमच्या वडलांच्या वेळी चादरीची नक्षी आधी ग्राफ पेपरवर, मग त्याच्यावरनं जॅकार्डचे पत्ते पंच करायचे. पत्त्यांच्या माळा बांधून माळ्यावर, वर खडूनं नंबर. एका मोराच्या नक्षीच्या माळेत पंधरा-वीस पत्ते कापून दुसरे शिवलेले होते, का ते कुणालाच ठाऊक नाही, वडील गेल्यावर आम्ही मूळ ग्राफप्रमाणं दुरुस्त केले. पहिलीच चादर निघाली तर मोराच्या मानेपाशी धागे तुटायले. वडलांनी त्या मागाच्या दोषाला धरून पत्ते बदललेले होते. लिहून काय ठेवलं नव्हतं. तुमच्यासारखा फोन करायला बार्शी पण नव्हती.

शेंगाचटणी_०७ | गुरुवार, रात्री ९:०५

मी टाकली!!! पुल रिक्वेस्ट!

हिशोबाचं एक छोटं फुकट ॲप आहे, त्याचं मराठी भाषांतर कुणीतरी मशीननं केल्यासारखं होतं. त्यात खात्यातल्या बॅलन्सला "संतुलन" लिहिलेलं. मी "शिल्लक" केलं. मेंटेनर पोलंडचा आहे, त्याला मराठी येत नाही, त्यानं लिहिलं की जुना शब्द का बदलला ते दोन ओळी लिही, पुढं कुणी परत बदलू नये म्हणून. मी चार वेळा लिहून पुसलं. मग काका म्हणाले तसं छोटं लिहिलं, की सायकल चालवताना लागतं ते संतुलन, आणि खात्यात उरते ती शिल्लक. त्यानं हसायची खूण टाकली आणि मर्ज केलं. आता तो म्हणतोय अजून २३० शब्द तपासायचेत, करशील का.

धोटा | गुरुवार, रात्री ९:२०

संतुलन??? म्हणजे बँकेत जाऊन विचारायचं माझं संतुलन किती राहिलं? महिनाअखेरीला काहीच नसतं हे बरोबर आहे म्हणा 😄

क्यूए_वहिनी | गुरुवार, रात्री ९:४०

शाब्बास गं! २३० मधले निम्मे माझ्याकडं दे. आणि "ट्रान्सफर"ला काय लिहिलंय ते आधी बघ, मी एका ठिकाणी "बदली" वाचलंय. पैशाची बदली, गडचिरोलीला.

सर्व्हररूमचा_म्हातारा | शुक्रवार, सकाळी ५:५०

"क्रेडिट" आणि "डेबिट"ला जमा आणि नावे. खर्च लिहू नको, चुकेल. का ते पण सोबत लिही.

होटगीरोडकर | शुक्रवार, दुपारी १२:१०

धोटा अण्णा, तुमचं पहिल्या दिवशीचं, पोराला गोडाऊनला उभं करायचं, बोलणं मनावर घेतलंय. ते नवीन पोरगं पुण्यातनं आज हुतात्मा एक्स्प्रेसनं येतंय, रात्री उतरेल. माझ्याकडंच राहील. उद्या तुमच्या गोडाऊनला अर्धा तास उभं राहू दिलं तर फार बरं होईल, मी पण येतो, मी तरी कुठं बघितलाय काटा डुलताना.

धोटा | शुक्रवार, दुपारी १२:३२

या की. अकराच्या पुढं या, गाठी तेव्हाच निघतात. चपला नको, बूट घालून या दोघं.